परचुरे शास्त्रींची कुटी आणि छातीतली शाळा

यवतमाळहून कळंब, देवळी, वर्धा असं निघालं की दीड-दोन तासांत सेवाग्राम येतं. आश्रमात येणारे बहुतेक लोक आदी निवास आणि बापू कुटी बघतात, झाडाखाली दोन मिनिटं बसतात आणि परततात. त्याच आवारात परचुरे कुटी नावाची एक छोटी झोपडी आहे. मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना घेऊन गेलो की आधी तिथे नेतो. बाहेरून बघण्यासारखं फारसं काही नाही, मातीच्या भिंती आणि कौलं. पण कुष्ठरोगाबद्दल वॉर्डात तासभर बोलून जे सांगता येत नाही, ते या कुटीसमोर उभं राहून सांगता येतं.

ही कुटी ज्यांच्यासाठी बांधली ते परचुरे शास्त्री संस्कृतचे मोठे पंडित होते. वेद, उपनिषदं तोंडपाठ. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेलेले. १९३२ साली ते पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते. त्याच तुरुंगात गांधीजी, वल्लभभाई पटेल आणि महादेवभाई देसाईही होते. पण शास्त्रींना इतर कैद्यांपासून वेगळं ठेवलेलं होतं, कारण त्यांना कुष्ठरोग झाला होता. गांधीजींनी त्यांना भेटण्याची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. मग एकाच तुरुंगाच्या आवारात राहणारे हे दोघे एकमेकांना पत्रं लिहीत राहिले.

त्या काळाचा विचार करा. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधला होता. म्हणजे हा पूर्वजन्मीच्या पापाचा भोग नाही हे कळून साठ वर्षं होत आली होती. तरी १८९८ चा कायदा लागू होता आणि त्याच्या आधारे रस्त्यावरच्या निराधार रुग्णाला पकडून कोंडून ठेवता येत होतं. उपाय म्हणून चालमोगऱ्याच्या तेलाची दुखरी इंजेक्शनं होती. गुण कधी यायचा, कधी नाही. जंतू माहीत होता, पण तो एकाला गाठतो आणि त्याच घरातल्या दहा जणांना सोडतो, हे कसं, याला कोणाकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की भीती वाढते. शास्त्रींच्या विद्वत्तेला मान होता, पण त्यांच्या हाताचं पाणी प्यायला कोणी तयार नव्हतं.

तुरुंगातून सुटल्यावर आजार वाढत गेला. १९३९ साली शास्त्री सेवाग्रामला येऊन पोचले. खरं तर गावाचं नाव तेव्हा शेगाव होतं, सेवाग्राम हे नाव १९४० मधलं. अंगावर जखमा, शरीर खंगलेलं, आणि मागणं एवढंच की शेवटचे दिवस इथे काढू द्यावेत. आश्रमात लहान मुलं होती, देशभरातून आलेले कार्यकर्ते होते. आपण स्वतः धोका पत्करणं वेगळं आणि इतरांना त्यात ओढणं वेगळं. गांधीजींना त्या रात्री झोप लागली नाही अशी आठवण सांगितली जाते, आणि डॉक्टर म्हणून मला ती पटते. संसर्गाचा रुग्ण कुठे ठेवायचा हा प्रश्न आमच्याही झोपा उडवतो. सकाळी निर्णय झाला. शास्त्रींना ठेवून घ्यायचं. गांधीजींच्या कुटीपासून जवळच त्यांच्यासाठी झोपडी उभी राहिली.

त्यानंतर गांधीजी रोज वेळ काढून त्यांच्याकडे जाऊ लागले. जखमा बघायच्या, हातापायांना तेल लावून मालिश करायचं. सत्तरीचा माणूस खाली वाकून शास्त्रींची सेवा करतो आहे, हे छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. त्या चित्राकडे लोक करुणेचं चित्र म्हणून बघतात. मला त्यात उत्तम वैद्यकही दिसतं. कुष्ठरोगात चेतातंतू मरतात तेव्हा त्वचेची संवेदना तर जातेच, घामही थांबतो. घाम नसला की कातडी कोरडी पडते, तडकते, भेगा पडतात. दुखत नसल्यामुळे भेगेकडे लक्ष जात नाही, ती चिघळते आणि बोट झडण्यापर्यंत मजल जाते. आजही आम्ही रुग्णाला हेच शिकवतो : रोज हात-पाय पाण्यात भिजवा, तेल लावा, तळवे नीट न्याहाळा. औषध नव्हतं त्या काळात शास्त्रींना मिळालेली ही सेवा आजच्या पुस्तकातली आहे.

पण मालिश करणाऱ्याला रोग का होत नाही? या प्रश्नाचं उत्तर त्या वेळी एका अशा अवयवात दडलेलं होतं, ज्याला डॉक्टर मंडळी निरुपयोगी समजत होती.

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर थायमस नावाची ग्रंथी असते. बालपणी ती भरलेली असते, वयात आल्यावर आकसत जाते आणि म्हातारपणी तिच्या जागी बहुतांश चरबीच उरते. शवविच्छेदनात मोठ्या माणसांत ती जवळपास दिसायचीच नाही, म्हणून तिचं काही काम असेल असं वाटत नव्हतं. उलट पाश्चात्त्य देशांत कित्येक लहान मुलांची थायमस मोठी दिसते म्हणून ती क्ष-किरणांनी जाळली गेली. आपल्याला न समजलेल्या गोष्टीला रोग ठरवण्याची आमच्या व्यवसायाची खोड जुनी आहे.

१९६१ मध्ये लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पिल्लांची थायमस काढून टाकली. पिल्लं जगली, पण थोड्याच आठवड्यांत साध्या संसर्गांनी मरू लागली. दुसऱ्या उंदराची कातडी त्यांच्यावर लावली तर ती निमूट स्वीकारली गेली. शरीराला आपलं आणि परकं यातला फरकच कळेनासा झाला होता. थायमस ही शाळा आहे हे तेव्हा ध्यानात आलं.

या शाळेत विद्यार्थी येतात ते हाडांच्या मगजातून. पांढऱ्या पेशींची ही कच्ची पोरं इथे शिकून टी-पेशी म्हणून बाहेर पडतात. परीक्षा दोन. पहिलीत बघितलं जातं की शरीराच्या पेशी समोर जे तुकडे धरतात ते तुला वाचता येतात की नाही. ज्याला वाचता येत नाही तो बाद. दुसरी परीक्षा जास्त कडक. थायमसमधल्या काही पेशी शरीरभरच्या वस्तूंचे नमुने तिथल्या तिथे तयार करून दाखवतात : स्वादुपिंडातलं इन्सुलिन, डोळ्यातली प्रथिनं, थायरॉइडची प्रथिनं. या घरच्या वस्तू बघून जो हल्ल्याला उठतो, त्याला तिथेच संपवलं जातं. काहींना मात्र न मारता शांतिरक्षक करून पाठवतात. बाहेर कोणी चुकून आपल्याच माणसांवर हात उगारला तर त्याला आवरणं हे त्यांचं काम. या शांतिरक्षक पेशींच्या शोधाला २०२५ चं नोबेल मिळालं. शाळेत शिरलेल्या शंभरातले पंच्याण्णवांहून अधिक बाहेर येत नाहीत. निकाल इतका कडक असूनही काही आगाऊ विद्यार्थी सुटतातच. ते माजले आणि शांतिरक्षक कमी पडले की ल्युपस, संधिवात, लहान मुलांतला मधुमेह, थायरॉइडचे काही विकार, असे ऑटोइम्युन आजार होतात. शरीराचं सैन्य शरीरावरच चाल करतं.

आता पुन्हा कुष्ठरोगाकडे. या रोगाचा जंतू आजवर कोणालाही काचेच्या बशीत वाढवता आलेला नाही. १९६० मध्ये अमेरिकेच्या शेपर्ड यांनी तो उंदराच्या तळपायात वाढवून दाखवला, पण जेमतेमच. उंदराचं सैन्य त्याला थोपवून धरायचं. मग १९६६ मध्ये लंडनच्या रीस यांनी मिलर यांची युक्ती वापरली. उंदराची थायमस काढली, किरण देऊन उरलीसुरली प्रतिकारशक्ती मोडली आणि मग जंतू टोचला. जंतू बेसुमार वाढले. माणसातल्या कुष्ठरोगाचं सगळ्यात उग्र रूप प्रथमच एका प्राण्यात उभं राहिलं. परचुरे शास्त्रींना जाऊन तेव्हा एकवीस वर्षं झाली होती.

या प्रयोगाने एका जुन्या कोड्याची गाठ सुटली. कुष्ठरोगाची दोन टोकं असतात. एका टोकाच्या रुग्णाला एखाद-दोन बधिर चट्टे, आणि त्यात शोधून जंतू सापडत नाही. दुसऱ्या टोकाच्या रुग्णाच्या कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया विरळ होतात, अंगावर गाठी येतात आणि त्वचेच्या चिमूटभर रसात जंतूच जंतू दिसतात. जंतू तोच. फरक आहे तो टी-पेशींचा. पहिल्याच्या टी-पेशी तुटून पडतात, दुसऱ्याच्या बघत बसतात. लक्षात घ्या, दुसऱ्या रुग्णाची एकूण प्रतिकारशक्ती दुबळी नसते. इतर संसर्गांशी तो तुमच्याआमच्यासारखाच लढतो. फक्त या एका जंतूपुरतं त्याचं शरीर, हा घरचाच माणूस, असं समजून गप्प राहतं. जी सहनशीलता स्वतःच्या अवयवांसाठी राखलेली, ती चोराला मिळते. अशा रुग्णांत शांतिरक्षक पेशी जास्त आढळल्याचं आपल्या देशातल्या अभ्यासांतही दिसलं आहे.

आणि तिसरा गट आपल्या सगळ्यांचा. सुमारे पंच्याण्णव टक्के लोकांच्या टी-पेशी या जंतूला रोग होण्याच्या आधीच निकालात काढतात. जंतू पसरतो तो मुख्यतः उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून, तेही दीर्घकाळच्या जवळच्या सहवासात. हात लावल्याने, तेल चोळल्याने नाही. गांधीजींना यातलं काही माहीत असण्याची शक्यता नव्हती. थायमसचं काम कळण्याच्या बावीस वर्षं आधी ते शास्त्रींच्या पायाशी बसले होते.

शास्त्रींचा आजार या दोन टोकांमध्ये नेमका कुठे बसत होता, हे एका छायाचित्रावरून ठरवू नये असं मी विद्यार्थ्यांना बजावतो. त्यापेक्षा त्यांनी त्या कुटीत काय केलं ते बघावं. ते मरायला आले होते आणि शिकवायला लागले. जरा बरं वाटू लागल्यावर त्यांनी आश्रमातल्यांना संस्कृतचे पाठ द्यायला सुरुवात केली. ज्यांना तुरुंगात भेटू दिलं जात नव्हतं, त्यांच्यासमोर माणसं बसून धडे घेऊ लागली. रुग्णाच्या आयुष्यात यापेक्षा मोठा गुण कोणतं औषध देतं, मला ठाऊक नाही.

पुढे ते वर्ध्याजवळच्या दत्तपूरला गेले. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ पासून तिथे कुष्ठरुग्णांसाठी काम उभारलं होतं. १९४५ मध्ये शास्त्रींचं निधन झालं. त्याच वर्षी गांधीजींनी आपल्या रचनात्मक कार्यक्रमाच्या पुस्तिकेची सुधारित आवृत्ती काढली आणि त्यात कुष्ठरोग्यांच्या सेवेला जागा दिली. दैवाची थट्टा अशी की अमेरिकेत सल्फोन जातीच्या औषधांचा गुण १९४१ पासून दिसू लागला होता. पण त्यातलं डॅप्सोन आपल्याकडच्या रुग्णांपर्यंत पोचायला आणखी काही वर्षं जायची होती. शास्त्री थोडक्यात चुकले.

आपल्या भागाने मात्र ते काम सोडलं नाही. १९४६ मध्ये अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, मग वरोऱ्याला बाबा आमटेंचं आनंदवन, १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान. तिथे डॉ. वर्देकरांनी गावोगाव जाऊन रुग्ण शोधायचे, लोकांना समजवायचं आणि घरीच औषध द्यायचं, ही पद्धत बसवली. रुग्णाला वस्तीबाहेर काढायचं नाही, हे त्यातलं मर्म. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एकाच वेळी अनेक औषधं देण्याची पद्धत देशात पहिल्यांदा सुरू झाली त्यात वर्धा जिल्हा होता. ती औषधं आज कोणत्याही सरकारी दवाखान्यात सहा किंवा बारा महिने फुकट मिळतात आणि जंतू मरतो.

जंतू मरतो, पण गोष्ट तिथे संपत नाही. माझ्यासारख्या फिजिशियनच्या वाट्याला येते ती पुढची.

या रोगात हात वाकडा होतो तो बऱ्याचदा जंतूमुळे कमी आणि त्याच्यावर तुटून पडणाऱ्या सैन्यामुळे जास्त. जंतू चेतातंतूंच्या वेष्टनात लपलेला असतो. टी-पेशी त्याला मारायला जातात आणि तंतूच चिरडून टाकतात. झोपलेलं सैन्य अचानक जागं झालं की जुने चट्टे लाल होतात, सुजतात, कोपरामागची नस ठणकू लागते, आणि काही दिवसांत करंगळीचं बळ जातं. याला आम्ही रिअॅक्शन म्हणतो. ती उपचार चालू असताना येऊ शकते, संपल्यावरही येते. रुग्णाला वाटतं गोळ्या बाधल्या, आणि तो नेमक्या त्याच वेळी गोळ्या बंद करतो. दुसऱ्या प्रकारच्या रिअॅक्शनमध्ये ताप येतो, सांधे धरतात, अंगावर दुखऱ्या लाल गाठी येतात, डोळे आणि मूत्रपिंडांवरही परिणाम होतो. हे सगळं हुबेहूब ल्युपससारखं दिसतं. इतकंच काय, ल्युपस आणि संधिवाताच्या रक्ततपासण्याही अशा रुग्णात पॉझिटिव्ह येऊ शकतात.

याचा धडा मला एका बाईंनी दिला. चाळिशीच्या, मजुरीवर कापूस वेचणाऱ्या. सांधे दुखतात, ताप येतो, म्हणून आल्या. रक्ताचा अहवाल ऑटोइम्युन आजाराकडे बोट दाखवत होता. मी संधिवाताची औषधं सुरू केली. दोन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, करंगळी सरळ होत नाही म्हणत. हात तपासायला घेतला तर बोटांच्या टोकांवर बारीक बारीक जखमा. वेचणीच्या दिवसांत कापसाच्या बोंडाची सुकी टोकं बोटांना टोचतात हे यवतमाळात पोरासोरांनाही माहीत आहे. मी विचारलं, दुखत नाही का? त्या म्हणाल्या, पूर्वी दुखायचं, आता बोटं तयार झाली. बोटं तयार झाली नव्हती, मेली होती. कोपरामागची नस दोरीसारखी जाड लागली. कानाच्या पाळ्या माझ्यासमोर पहिल्या दिवसापासून होत्या, मी बघितल्या नव्हत्या. फाइलवर संधिवात हे निदान माझ्याच हस्ताक्षरात होतं. पाळीवरच्या रसाची तपासणी केली, जंतू भरलेले निघाले.

एमडीटी म्हणजे ती एकत्रित औषधं सुरू केली, आणि सैन्याला आवरायला स्टेरॉइड मोठ्या मात्रेत. नस दुबळी होऊन सहा महिने व्हायच्या आत स्टेरॉइड मिळालं तर बळ परत येण्याची चांगली आशा असते. नंतर ती झपाट्याने कमी होते. म्हणून ज्यांना बधिर चट्टा आहे, बोटांत मुंग्या आहेत, चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, त्यांनी वाट बघू नये. आणि माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, आपल्या जिल्ह्यात संधिवाताचं निदान लिहिण्याआधी रुग्णाच्या कानाच्या पाळ्या बघा आणि कोपरामागे एकदा बोट फिरवा.

बाईंच्या नवऱ्याने वेगळं ताट ठेवायचं का म्हणून दबक्या आवाजात विचारलं. नको म्हटलं. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णाकडून संसर्ग होत नाही, हे सांगितलं. घरातल्या सगळ्यांची तपासणी केली, आणि प्रतिबंधासाठी रिफाम्पिसिनचा जो एक डोस देतात तो दिला. तो माणूस दर महिन्याला बायकोला घेऊन येत राहिला. स्टेरॉइड कमी करत करत बंद झालं. करंगळी बरीच सरळ झाली. स्पर्श पूर्ण आला नाही. यंदा वेचणीला जाताना त्या बोटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळतात आणि रात्री दिव्याखाली बसून नवऱ्याला हात दाखवतात. तो टोचलेलं बघतो आणि खोबरेल लावतो.